जठराआधी यकृत, धडाआधी डोके : जिताड्याच्या डिंभांतील अवयववाढ

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने जानेवारीत किनाऱ्यावरच्या एका बीजोत्पादन केंद्रातून जिताडा या माशाचे दोन दिवसांचे जिरे, म्हणजे नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्ले (डिंभ), प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आणले आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कृत्रिम समुद्रजलात वाढवले. पहिले काही दिवस रोटिफर हे सूक्ष्म जिवंत जलचर खाऊ घातले. आठव्या दिवशी ते बंद करून बारीक दळलेले कोरडे खाद्य सुरू केले, आणि पुढच्या तीन दिवसांत बहुतेक डिंभ मेले. मेलेल्या डिंभांचे आतडे खाद्याने भरलेले होते, डोके धडाच्या मानाने फार मोठे दिसत होते, आणि यकृताच्या छेदाचे (सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापाचे) क्षेत्रफळ लांबीशी ताडून काढलेला वाढीचा घातांक २.३ आला. मोठे डोके ही विकृती आहे का, यकृताची एवढी झपाट्याची वाढ हे रोगाचे लक्षण आहे का, आणि पोट भरलेले असताना डिंभ मेले कसे, असे तिने विचारले आहे.

माझी तीसेक वर्षे मत्स्यबीजोत्पादनात गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक समुद्री माशांच्या डिंभांसोबत. आता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी एक जुना सूक्ष्मदर्शक आणि स्लाइडांच्या पेट्या घेऊन बसलो आहे. हा प्रश्न मला नवा नाही. गोड्या पाण्यातल्या माशांवर हात बसलेला माणूस जिताड्याकडे वळला की पहिल्याच हंगामात याच ठिकाणी अडखळतो. मीही अडखळलो होतो.

तुमचे तिन्ही प्रश्न एकाच गृहीतकातून आले आहेत. डिंभ ही माशाची लहान आवृत्ती आहे आणि त्याचे सगळे अवयव एकमेकांच्या प्रमाणात सावकाश मोठे होत जातात, असे आपण न बोलता धरून चालतो. प्रत्यक्षात समुद्री माशाचा डिंभ अर्धवट बांधलेल्या घरात राहायला आलेल्या कुटुंबासारखा असतो. ज्या खोलीवाचून आजचा दिवस निघणार नाही ती आधी उभी राहते आणि बाकीच्या मागाहून. कोणता अवयव कधी उभा राहतो याचा क्रम ध्यानात आला की मोठे डोकेही समजते आणि भरल्या पोटीचे मरणही.

सुरुवात अंड्यापासून करू. रोहू-कटल्याची अंडी पाणी पिऊन फुगतात, पण तळाकडे जातात. जिताड्याचे अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटर व्यासाचे असते, खाऱ्या पाण्यात तरंगते, आणि त्यात तेलाचा एक थेंब असतो. तरंगण्याचे श्रेय मुख्यतः त्या थेंबाला दिले जाते, पण खरे काम पाण्याचे आहे. समुद्रात तरंगणाऱ्या अंड्यांत शेवटच्या पक्वतेच्या वेळी पीतकातील (अंड्यातल्या बलकातील) काही प्रथिने तुटून सुटी अमिनो आम्ले तयार होतात, त्यांच्या ओढीने अंड्यात पाणी शिरते आणि अंडे हलके होते. हीच सुटी अमिनो आम्ले पुढे भ्रूणाचे इंधनही होतात. काही जातींत अंड्यातील एकूण अमिनो आम्लांच्या निम्म्यापर्यंत त्यांचा वाटा असतो. हा मुद्दा मी मुद्दाम आधी मांडत आहे, कारण आठव्या दिवसाच्या तुमच्या कोरड्या खाद्याशी त्याचा थेट संबंध येणार आहे. या जीवाच्या आयुष्याची सुरुवातच आयत्या सुट्या अमिनो आम्लांवर झालेली असते.

२८ अंश सेल्सिअसला साधारण १७-१८ तासांत अंडे फुटते आणि दीड मिलिमीटरच्या आसपास लांबीचा डिंभ बाहेर येतो. या घडीला त्याच्याजवळ काय नसते ते पाहा. तोंड उघडलेले नसते. डोळ्यांत काळे रंगद्रव्य नसते, म्हणजे तो पाहू शकत नाही. आतडे ही पीतक कोशाच्या वर पडलेली एक सरळ, बंद नळी असते. कल्ल्यांवर प्राणवायू घेण्याजोग्या पटलिका नसतात. हाड एकही नसते; पाठीचा कणा म्हणून असतो तो पृष्ठरज्जूचा लवचिक दांडा. कमाटी बागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहत बडोद्याच्या कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. त्या हाडांसमोर उभे राहून या बिनहाडी दीड मिलिमीटरची कल्पना करणे मला अजूनही गमतीचे वाटते. हृदय मात्र अंडे फुटण्याआधीपासून धडधडत असते.

मग श्वास कसा चालतो? त्वचेतून. एवढ्या लहान शरीरात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर असतो आणि प्राणवायू सरळ त्वचेतून आत झिरपतो. झेब्राफिशच्या भ्रूणांवर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिन निकामी करूनही त्यांची वाढ चालू राहिली होती. त्या वयात रक्ताने प्राणवायू वाहून नेण्याची निकड नसते. पण लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. त्वचा पुरेनाशी होते आणि कल्ले लागतात. त्यातही एक मौज आहे. कल्ले प्राणवायू घेण्यासाठी असतात असे आपण शाळेत शिकलो. ट्राउटसारख्या माशांच्या डिंभांत मात्र कल्ले आधी क्षारांच्या देवाणघेवाणीच्या उपयोगी पडतात आणि श्वसनाचे काम मागाहून अंगावर घेतात, असे दिसते. समुद्राच्या पाण्याची क्षारता माशाच्या शरीरद्रवाच्या साधारण तिप्पट असते, म्हणून डिंभाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढले जाते. तो पाणी पितो आणि जादा क्षार बाहेर टाकतो. कल्ले तयार होईपर्यंत हे काम पीतक कोशावरच्या आणि धडाच्या त्वचेतल्या क्षारपेशी करतात. कृत्रिम समुद्रजल करताना मीठ तोलण्यात चूक झाली तर पहिला मार या पेशींना बसतो. तुमच्या नोंदीत क्षारता दिवसातून एकदाच मोजलेली आहे. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उथळ टाकीतले पाणी उडून क्षारता चढते, तेव्हा ती दोनदा मोजा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड आणि गुदद्वार उघडते, डोळे काळे होतात, आणि साधारण त्याच सुमारास पीतक संपत येते. तेलाचा थेंब आणखी थोडे दिवस पुरतो. या दोन-तीन दिवसांत डिंभाच्या शरीरात जी बांधकामाची घाई चालते तिला तोड नाही. यकृत आणि स्वादुपिंड या ग्रंथी ओळखता येण्याजोग्या होतात, पित्ताशय दिसू लागते, सरळ आतड्याला वळण पडते आणि झडपांनी त्याचे पुढचा, मधला व मागचा असे भाग पडतात. दृष्टिपटलात आधी शंकुपेशी तयार होतात आणि मंद प्रकाशात कामी येणाऱ्या दंडपेशी बऱ्याच मागाहून येतात. म्हणून या वयाचा डिंभ उजेडात डोळ्यांनी पाहूनच भक्ष्य टिपतो आणि अंधारात जवळपास आंधळा असतो. टाकीवर पुरेसा उजेड नसेल तर रोटिफर कितीही दाट सोडा, ते त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. तोंडाची फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून पहिले खाद्य रोटिफर. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या छोट्या कवचधारी जीवाचा नॉप्लिअस, म्हणजे नुकते फुटलेले पिल्लू, जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा, तो थोड्या दिवसांनी.

नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी १९१४ साली मांडले की कॉड आणि हेरिंग यांचे एखाद्या वर्षीचे पीक चांगले की वाईट, हे डिंभांना पहिले खाद्य वेळेवर मिळते की नाही यावर ठरत असावे. पुढे १९६३ मध्ये ब्लॅक्स्टर आणि हेम्पेल यांनी हेरिंगच्या डिंभांवर काम करून दाखवले की उपासमारीची एक हद्द असते. ती ओलांडल्यावर डिंभ जिवंत असतो, पोहतोही, पण समोर खाद्य आले तरी ते घेण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. ही हद्द टाकीत डोळ्यांना दिसत नाही. आज चपळ दिसणारा घोळका दोन दिवसांपूर्वीच मेल्यात जमा झालेला असू शकतो, आणि दोष मात्र आजच्या खाद्याला दिला जातो.

आता जठर. तुमच्या प्रयोगाचे मर्म इथेच आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. जिताडा मोठेपणी मांसाहारी आहे. त्याचे जठर पिशवीसारखे, आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) स्रवणारे, आख्खा मासा पचवणारे. पण तोंड उघडले त्या दिवशी त्याला जठर नसते. पुढच्या आतड्याशी नळीचा थोडा फुगलेला भाग दिसतो, त्याला तुम्ही जठर समजलात. तो भाग अन्न साठवतो, पचवत नाही. जठराच्या भिंतीतील ग्रंथी जिताड्यात दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीकडे दिसू लागतात आणि तिथली आम्लता त्यानंतर काही दिवसांनी येते. तोपर्यंतचे सगळे पचन आतड्याच्या अल्कधर्मी वातावरणात, स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिन या विकरावर चालते. तुमच्याच स्लाइडवर ते पाहता येईल : हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या छेदात यकृताजवळ स्वादुपिंडाच्या पेशींत इओसिनने झगझगीत गुलाबी झालेले दाणे असतात. मग मागच्या आतड्याकडे या. तिथल्या उंच पेशींत केंद्रकाच्या वरच्या बाजूला गुलाबी गोळे दिसतील. अर्धवट तुटलेली प्रथिने पेशी तशीच आत ओढून घेते आणि आपल्या पोटात पचवते, त्याचा हा पुरावा. जठर नसण्याची ही तात्पुरती भरपाई आहे. जठर काम करू लागले की हे गोळे हळूहळू दिसेनासे होतात.

अशा आतड्यात कोरड्या खाद्याचा कण गेला की काय होते? त्यातले प्रथिन मासळीच्या पुडीचे, गुंतागुंतीचे, उष्णतेने आवळलेले. त्याला आधी आम्लात सैल करणारे जठर नाही. आतडे आखूड आहे आणि अन्न त्यातून भराभर पुढे सरकते. ट्रिप्सिन आहे, पण त्याला वेळ मिळत नाही. कण बऱ्याच अंशी न पचता बाहेर पडतो किंवा आत तुंबून राहतो, आणि तुम्हाला मेलेल्या डिंभाचे भरलेले पोट दिसते. रोटिफर मात्र मऊ असतो, त्याच्या शरीरात पाण्यात विरघळणारी प्रथिने आणि सुटी अमिनो आम्ले भरपूर असतात, आणि तो तोंडात गेल्यावर सहज फुटतो. जिवंत भक्ष्यातले विकर डिंभाच्या पचनाला मदत करतात, असे एके काळी सर्रास सांगितले जाई. मीही ते वर्गात सांगितलेले आहे. नंतर मोजदाद झाली तेव्हा काही जातींत तो वाटा नगण्य निघाला. युरोपीय समुद्री बासच्या डिंभांना खाद्यातील प्रथिनांचा काही भाग आधीच तोडून दिला, तर वाढ आणि जगणूक दोन्ही सुधारतात, हेही दाखवले गेले आहे. अर्थात सगळेच प्रथिन तोडून दिले तर ते त्याला सोसत नाही.

इथे तुम्ही विचाराल की रोहू-कटल्याला तर जन्मभर जठर नसते, मग त्यांच्या जिऱ्यांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा कसा चालतो? शंका रास्त आहे, आणि तुमच्या प्रयोगाचे मूळही बहुधा तिथेच असावे. पहिली गोष्ट अशी की संगोपन तळ्यातला जिरा पेंडीवर कमी आणि पाण्यातल्या प्राणिप्लवकांवर (तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांवर) अधिक जगतो. पेंडीचा बराच भाग पाण्याला खत म्हणून पोचतो. दुसरी अशी की जठरावाचून जगण्याची सगळी तजवीज रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांच्या शरीरात पक्की केलेली असते : घशात दळणारे दात, शरीराच्या कित्येक पट लांबीचे आतडे, अन्नाचा संथ प्रवास. जिताड्याच्या डिंभाजवळ यांतले काहीच नाही. तो जठराची वाट पाहणारा मांसाहारी जीव आहे, आणि वाट पाहण्याच्या त्या दोन-अडीच आठवड्यांत त्याला चालेल असेच त्याच्या ताटात वाढले पाहिजे.

आता डोक्याचा प्रश्न. अवयवांच्या असमान वाढीला अ‍ॅलोमेट्री हे नाव ज्युलियन हक्स्ली आणि जॉर्ज तेसिये यांनी १९३६ मध्ये दिले. लांबी आणि अवयवाचे माप दोन्ही लॉगरिदममध्ये मांडून रेषा काढली की तिचा उतार म्हणजे घातांक. एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. डिंभाची लांबी २.५ मिलिमीटरवरून ५ मिलिमीटर झाली आणि डोके ०.४ वरून १.१ मिलिमीटर झाले, तर लांबी दुप्पट झाली आणि डोके पावणेतीनपट. घातांक सुमारे १.४६ येतो. त्याच काळात धड १.१ वरून २.० झाले, तर घातांक सुमारे ०.८६. डोके लांबीच्या पुढे धावते आहे आणि धड मागे रेंगाळते आहे. समुद्री माशांच्या कितीतरी जातींत सुरुवातीच्या टप्प्यात हाच नमुना दिसतो : डोके आणि शेपूट पुढे, धड मागे. डोक्यात डोळे, तोंड, जबडे, मेंदू आणि कल्ले असतात, म्हणजे खाण्याची व श्वासाची सगळी सामग्री. शेपटीत पोहण्याची. दोन-तीन मिलिमीटरच्या जीवाला पाणी काकवीसारखे चिकट लागते. अंग वळवणे थांबवले की तो जागीच थांबतो. शेपूट वाढली, पृष्ठरज्जूचे टोक वर वाकले आणि त्याखाली शेपटीच्या पराचा आधार होणारी हाडे उभी राहिली, की तो या चिकटपणातून सुटतो आणि झेप घेऊ लागतो. जिताड्यात हे वाकणे साधारण चार-पाच मिलिमीटर लांबीला घडते. त्यानंतर डोक्याचा घातांक एककडे उतरतो आणि धड भरू लागते. म्हणून रेषा एकच न काढता ती कुठे मोडते ते शोधा. सगळे ठिपके एका रेषेत कोंबले तर नेमकी हीच गोष्ट पुसली जाते.

तेव्हा मोठे डोके ही विकृती नाही. पण तुमच्या डिंभांचे मोठे डोके निखळ निसर्गाचे होते, असेही मी म्हणणार नाही. उपाशी डिंभाचेही डोके मोठे दिसते, आणि तिथे डोके वाढलेले नसते, धड आटलेले असते. डोक्याची कूर्चा उपासात झिजत नाही. स्नायू झिजतात, पोट आत ओढले जाते, धडाची उंची घटते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर डोक्याची लांबी बाजूला ठेवा आणि गुदद्वाराजवळ धडाची उंची मोजा. छेदात पाहायचे तर आतड्याच्या पेशींची उंची पाहा, आणि यकृताच्या पेशींत ग्लायकोजेन व मेद यांच्या पोकळ्या आहेत की त्या रिकाम्या होऊन पेशी आक्रसल्या आहेत ते पाहा. स्नायूतंतू एकमेकांपासून सुटून मध्ये फटी पडल्या असतील, तर शंकेला जागाच नाही. तुम्ही पाठवलेल्या दहाव्या दिवसाच्या छायाचित्रात मला अशा फटी दिसतात, आणि आठव्या दिवसाच्या छायाचित्रात त्या नाहीत. म्हणजे आठव्या दिवसापर्यंत तुमचे डिंभ ठीक होते.

यकृताच्या २.३ विषयी सांगायचे तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. लांबीशी लांबी ताडली तर समप्रमाण वाढीचा घातांक १ असतो. क्षेत्रफळ लांबीशी ताडले तर तो २ असतो आणि आकारमान ताडले तर ३. तुम्ही क्षेत्रफळ घेतलेत आणि १ शी तुलना केलीत. लांबी दुप्पट होताना समप्रमाणात क्षेत्रफळ चौपट झाले असते. तुमच्या घातांकाने ते जवळपास ४.९ पट झाले. यकृत पुढे आहे, पण थोडेच. ही चूक मी छापील प्रबंधांतही पाहिली आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. शिवाय यकृत हा माप घ्यायला बेभरवशाचा अवयव आहे. ते आज खाल्ल्याने फुगते आणि दोन दिवसांच्या उपासाने बसते. त्याच्या क्षेत्रफळात वाढ किती आणि साठा किती, हे एकट्या मापावरून सांगता येत नाही.

वाताशयाविषयी, म्हणजे माशाला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीविषयी, तुम्ही काही विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण या विषयात माझे सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले. जिताड्याचा वाताशय मोठेपणी बंद असतो, पण डिंभावस्थेत त्याला अन्ननलिकेशी जोडणारी एक नळी असते. तोंड उघडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत डिंभ पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवेचा एक घोट घेतो आणि त्या हवेने वाताशय प्रथम फुगतो. मग नळी मिटते. ती संधी हुकली की पुन्हा येत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एका केंद्रात मी रोटिफर पुष्ट करण्यासाठी माशाच्या तेलाचे मिश्रण सढळ हाताने वापरत होतो. ते तेल टाकीच्या पृष्ठभागावर साचून त्याचा पातळ तवंग झाला होता, इतका पातळ की वरून पाहता कळत नव्हता. एवढ्याशा जीवाला तो तवंग फोडता येत नाही. डिंभ खात होते, वाढत होते, मी समाधानी होतो. चौथ्या आठवड्यात पाहतो तर निम्म्याहून अधिक पिल्लांचे कणे धनुष्यासारखे वाकलेले. वाताशय रिकामा असल्याने तरंगत राहण्यासाठी ती अहोरात्र डोके वर करून पोहत राहिली होती, आणि त्या ताणाने कणा वाकला. केंद्राच्या व्यवस्थापनाने दोष आनुवंशिक म्हणून जोड्यांवर ढकलला आणि चांगले जनक मासे विकून टाकले. त्यानंतर मी कधी तवंगाला जागा ठेवली नाही. रोज सकाळी शाई टिपण्याचा कागद पृष्ठभागावरून ओढायचा, आणि एका कोपऱ्यात हवेच्या हलक्या झोताने तवंग लाकडी चौकटीत अडवायचा. तुमच्या उरलेल्या नमुन्यांत वाताशयाच्या जागी चकचकीत बुडबुडा आहे का, ते आधी मोजून घ्या.

थायरॉइडचा उल्लेख तुमच्या प्रश्नात ओझरता आहे. डिंभाचे रूप पालटण्यात त्या ग्रंथीचा हात मोठा आहे. याचे ठळक उदाहरण चपट्या माशांत, म्हणजे आपल्या लेपा-भाकसाच्या नातलगांत, सापडते. त्यांचा एक डोळा डोक्यावरून सरकून दुसऱ्या बाजूला जातो. जपानी फ्लाउंडरच्या डिंभांत थायरॉइडच्या संप्रेरकाने हे रूपांतर लवकर घडवून आणता येते, हे १९८५ मध्येच दाखवले गेले. जिताड्यात असे नाट्य नसते. तुमच्या प्रयोगापुरता हा भाग सोडून द्या.

आता वयाविषयी. तुम्ही सगळीकडे दिवस मोजलेत, आणि पुस्तकांतले दिवस २८ ते ३० अंशांच्या पाण्याचे असतात. बडोद्यात जानेवारीच्या रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. तुमच्या तापमापकाची नोंद दुपारची आहे. पहाटे टाकीत २४ अंश असतील तर तुमचा आठवा दिवस हा पुस्तकातला कदाचित सहावा दिवस होता. जठर येण्याला तुम्ही समजत होता त्याहूनही अधिक अवकाश होता. यापुढे वयाऐवजी लांबी आणि अवस्था लिहा : तोंड उघडले, तेलाचा थेंब संपला, पृष्ठरज्जू वाकू लागला, वाकून झाला. लांबी मोजताना पृष्ठरज्जू वाकण्याआधी त्याच्या टोकापर्यंत आणि वाकल्यावर शेपटीच्या हाडांच्या मागच्या कडेपर्यंत मोजायची असते. माप डिंभ जिवंत असताना, लवंगेच्या तेलाच्या सौम्य द्रावणात गुंगवून घ्या. मेल्यावर काही मिनिटांतच तो आखडू लागतो आणि फॉर्मॅलिनमध्ये आणखी आखडतो. त्यातही जेवढा लहान तेवढा जास्त, म्हणजे चूक नेमकी तुमच्या रेषेच्या खालच्या टोकाला साचते.

पुढच्या खेपेस प्रयोग मार्चनंतर करा. आठव्या ते दहाव्या दिवसापासून रोटिफरच्या सोबतीने आर्टेमिया द्या, तोही डीएचए या मेदाम्लाने पुष्ट करून, कारण साध्या आर्टेमियात ते जवळपास नसते आणि डोळा व मेंदू बांधायला ते लागते. जठराच्या ग्रंथी छेदात दिसल्याशिवाय कोरड्या खाद्याकडे वळू नका, आणि वळताना जिवंत खाद्य एकदम तोडू नका. निदान आठवडाभर दोन्ही सोबत चालू द्या. विसाव्या दिवसाच्या पुढे बहुतेक पिल्ले कोरडे खाद्य घेऊ लागतात. तोवर त्यांनी एकमेकांना खायला सुरुवात केलेली असते, म्हणून आकाराप्रमाणे निवड करायला विसरू नका. बीज दूरच्या केंद्रातून आणण्याआधी नवसारीला चौकशी करा. जिताड्याचे बंदिस्त प्रजनन १९९७ मध्ये चेन्नईच्या ज्या केंद्रीय खारे पाणी जलसंवर्धन संस्थेने साधले, तिचे संशोधन केंद्र तिथे आहे, आणि बडोद्याहून नवसारी दूर नाही.

उरलेल्या नमुन्यांपैकी काही अजून ताज्या अल्कोहोलमध्ये असतील तर त्यांना हात लावू नका. माशाच्या कानातल्या खड्यांवर रोज एक वलय पडते, हे पानेल्ला यांनी १९७१ मध्ये दाखवले, आणि तुमच्या डिंभांची वाढ नेमकी कोणत्या रात्रीपासून मंदावली ते त्या वलयांच्या अंतरावरून वाचता येईल. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्यांचे खडे आतापर्यंत विरघळले असतील; ते छेदांसाठी ठेवा. आठव्या आणि दहाव्या दिवसाचे मागच्या आतड्याचे छेद मात्र सोबत घेऊन या, शक्य तर सकाळी, कारण माझ्या खिडकीतला उजेड अकरापर्यंतच चांगला असतो.